आजीचं सहस्रचंद्रदर्शन: ८०.८५ वर्षं म्हणजे नक्की किती महिने??

बदलापूर_सेमीफास्ट

नमस्कार मंडळी, घरात भांडण व्हायची वेळ आलीये म्हणून इथे टाकतोय. आजीचं सहस्रचंद्रदर्शन करायचंय. हॉलवाला तारीख विचारतोय, केटरर ॲडव्हान्स मागतोय, काकाला न्यू जर्सीहून तिकिटं काढायचीयेत आणि इकडे तारखेवरच एकमत नाही.

आधी जन्मतारीख. आजीच्या आधारवर १ जून १९४४ आहे, ती शाळेत मास्तरांनी ठोकून दिलेली, त्यामुळे ती सोडा. आजी स्वतः सांगते ते असं, की मोठी लढाई थांबली त्या श्रावणात, नारळी पुनवेला, गुरुवारी. तिचं माहेर श्रीवर्धनकडचं. बाबा दर्याला नारळ सोडून घरी आले तर ही झालेली, त्यामुळे त्या दिवशीचा नारळीभात तिच्या आईला मिळालाच नाही आणि ते आईने हिला पुढे वीस वर्षं ऐकवलं. तर दुसरं महायुद्ध संपलं ते १९४५, नेटवर शोधलं तर नारळी पौर्णिमा २२-२३ ऑगस्टच्या आसपास दिसते, गुरुवार २३ ला येतो. म्हणून मी २३ ऑगस्ट १९४५ धरली.

आता घोळ. गुरुजी म्हणाले ८० वर्षं ८ महिने झाले की करा, म्हणजे २३ एप्रिल २०२६. आत्या म्हणते तिच्या सासरी ८१ पूर्ण झाल्यावरच करतात, म्हणजे थेट ऑगस्ट. मी म्हटलं थांबा, हिशेबच करू. एक पौर्णिमा ते दुसरी पौर्णिमा २९.५३ दिवस, गुणिले १००० म्हणजे २९,५३० दिवस, भागिले ३६५.२५, उत्तर ८०.८५. म्हणजे ८० वर्षं साडेआठ महिने, गुरुजींच्या जवळपास. मी खूश, ग्रुपवर टाकूनही मोकळा झालो.

मग रात्री झोप येईना म्हणून एक्सेलमध्ये जन्मतारखेत २९५३० मिळवले तर आधी ४६२०२ असा भलताच आकडा आला, सेलचा फॉरमॅट बदलल्यावर २९ जून २०२६ दिसलं. एप्रिल कुठे, जून कुठे! दोन महिने गेले कुठे? एक्सेल चुकतंय का मी? सकाळपर्यंत सांगा, हॉलवाला दोन दिवसच थांबणार आहे.

एक्सेलवाली_ताई

तुम्ही चुकताय, एक्सेल बिचारं बरोबर आहे 😄

८०.८५ मधला .८५ हा वर्षाचा भाग आहे हो, साडेआठ महिने नाहीत. वर्षात महिने १२ असतात, १० नाही. .८५ गुणिले १२ करा, १०.२ येतात. म्हणजे ८० वर्षं १० महिने आणि वर पाच-सहा दिवस. २३ ऑगस्ट २०२५ ला आजींना ८० झाली, त्यात १० महिने घातले की २३ जून २०२६, वर सहा दिवस, २९ जून. झालं की जुळून.

क्रिकेट बघता ना? ८.४ षटकं म्हणजे आठ षटकं नि चार चेंडू. ते दशांश चिन्ह नाहीये, नुसता ठिपका आहे. कोणी रनरेट काढताना ८.४ ने भागलं तर उत्तर चुकतं, ८.६७ ने भागायला लागतं. तुम्ही नेमकं उलटं केलंत, खरा दशांश होता त्याला षटकासारखं वाचलंत. मी पगारपत्रकाच्या कामात आहे, आमच्याकडे रोजचं आहे हे. उमेदवार अर्जात लिहितो अनुभव २.१० वर्षं, त्याला म्हणायचं असतं दोन वर्षं दहा महिने, सिस्टिम त्याला दोन वर्षं नि एक महिना-सव्वा महिना समजते आणि तो बाद. एकदा तर एकाने २.१२ लिहिलेलं, आता याला काय म्हणावं.

आणि ते ४६२०२ म्हणजे काही बिघडलेलं नव्हतं. एक्सेलला तारीख बिरीख काही कळत नाही, १ जानेवारी १९०० ला १ नंबर देऊन ते पुढे नुसते दिवस मोजत बसतं. २३ ऑगस्ट १९४५ म्हणजे त्याच्या लेखी १६६७२, त्यात २९५३० मिळवा, ४६२०२. म्हणूनच दिवस सरळ मिळवता येतात. वर्षं-महिने-दिवस असं फोडून हवं असेल तर डेटडिफ नावाचं फंक्शन आहे, यादीत सापडत नाही पण टाइप केलं की चालतं.

फक्त पणजोबा-खापरपणजोबांचं काढायला जाऊ नका, १९०० च्या आधीची तारीख त्याला चालत नाही. आणि १९०० ला ते लीप वर्ष धरतं, जे नव्हतंच. लोटस म्हणून एक्सेलच्या आधीचं स्प्रेडशीट होतं, त्यातली जुनी चूक, मुद्दाम तशीच ठेवलीये म्हणे, फाइली जुळाव्यात म्हणून.

सरळसोट

एवढं कशाला किचकट करताय. २९५३० भागिले ३६५, भाग ८० बसतो, बाकी ३३०. ३३० दिवस म्हणजे ११ महिने. ८० वर्षं ११ महिने. १९ जुलै. विषय संपला.

एक्सेलवाली_ताई

@सरळसोट विषय नाही संपला, २० दिवसांनी चुकला 🙏 ८० वर्षांत २९ फेब्रुवारी किती आले मोजा, १९४८ पासून २०२४ पर्यंत बरोब्बर २०. ते तुम्ही धरलेच नाहीत. ३३० वजा २०, ३१० दिवस. २३ ऑगस्टपासून ३१० दिवस पुढे, २९ जून.

सरळसोट

बरं.

गणितमास्तर_निवृत्त

ताईंनी उत्तर दिलेलंच आहे, मी फक्त गुरुजींची बाजू घेतो, कारण ८० वर्षं ८ महिने हा आकडा त्यांनी मनाने काढलेला नाही, बऱ्याच घरांत हाच चालतो आणि त्यामागे साधं गणित असावं असं मला वाटतं. बघा, ८० वर्षं ८ महिने म्हणजे ९६८ महिने. दर महिन्याला एक पौर्णिमा, त्या झाल्या ९६८. राहिल्या ३२. त्या अधिक महिन्यांतून आणायच्या. आता अडीच वर्षांनी म्हणजे ३० महिन्यांनी एक अधिक धरला तर ९६८ भागिले ३० म्हणजे ३२. बेरीज १०००, बाकी शून्य असल्यासारखंच. दिसायला इतकं सुबक आहे की कोणालाही पटावं.

पण अधिक महिना अडीच वर्षांनी येत नाही, सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी येतो, १९ वर्षांत ७. आठवून बघा, २०१५ ला अधिक आषाढ, २०१८ ला ज्येष्ठ, २०२० ला आश्विन, २०२३ ला श्रावण, आणि यंदा पुन्हा ज्येष्ठ. कधी दोन वर्षांचं अंतर, कधी तीन. त्या हिशेबाने ९६८ महिन्यांत अधिक येतात ३० च्या जरा आत, म्हणजे एकूण ९९७-९९८ पौर्णिमा. दोन-तीन कमी पडतात. ८० वर्षं १० महिने घेतले तर ९७० अधिक ३०, बरोबर हजार. तुमचे दोन महिने गेले ते इथे.

जुन्या मापात सांगायचं तर चांद्रमास २९ दिवस ३१ घटिका ५० पळांचा. घटिका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं. दिवसाला ६० घटिका, घटिकेला ६० पळं, त्यामुळे या पद्धतीत दशांशाचा घोळच होत नाही, जे आहे ते साठाच्या हिशेबात. आणखी एक गंमत. महिन्याच्या तिथ्या ३०, म्हणजे हजार महिन्यांच्या ३०,००० तिथ्या, एक कमी नाही की एक जास्त नाही. आणि सूर्योदय मात्र २९,५३०. मधले ४७० कुठे गेले? तिथी सरासरी २३ तास ३७ मिनिटांची असते, दिवसापेक्षा जरा आखूड, त्यामुळे अधूनमधून तिथीचा क्षय होतो, तसं होत होत ८० वर्षांत ४७० चा फरक पडतो. पंचांगात वाचतो ना आपण क्षयतिथी, ती ही.

जन्मतारखेचंही पडताळून पाहिलं. पौर्णिमा १९ वर्षांनी जवळजवळ त्याच तारखेला येते, फार तर एक दिवस इकडे-तिकडे. १९४५ मध्ये चार वेळा १९ मिळवा, २०२१. त्या वर्षी राखी पौर्णिमा २२ ऑगस्टला होती, रविवार होता. तेव्हा १९४५ ला २२-२३ बरोबर. वाराचं तर तोंडी होतं. १५ ऑगस्ट १९४७ शुक्रवार, हे आमच्या पिढीला पाठ. म्हणून २३ ऑगस्ट १९४७ शनिवार. दोन साधी वर्षं मागे गेलं की वार दोनने मागे, गुरुवार. आजींची स्मरणशक्ती आधार कार्डापेक्षा पक्की आहे, माझा त्यांना नमस्कार सांगा.

बदलापूर_सेमीफास्ट

बाप रे, सर, दंडवत. आजीला वाचून दाखवलं, तिने फक्त "मग मी काय खोटं सांगत्येय का" एवढंच म्हटलं.

ताई, .८५ चं कळलं, लाज वाटली जरा. ग्रुपवरचा मेसेज डिलीट करायला गेलो तर आत्याने आधीच वर रिप्लाय टाकून ठेवलाय "इंजिनिअर आहेस ना रे तू?"

सेवापुस्तक

३४ वर्षं जिल्हा परिषदेत आस्थापना विभागात काढली, हजारो लोकांची सेवा वर्षं-महिने-दिवसांत मोजली, कॅल्क्युलेटरसुद्धा लागत नाही. चौथीतली वजाबाकी आहे फक्त हातचे वेगवेगळे. वर २०२६ वर्षं, ६ महिने, २९ दिवस लिहा. खाली १९४५, ८, २३. दिवसांची वजाबाकी ६. महिन्यांत ६ मधून ८ जात नाहीत, वर्षाकडून १२ उसने घ्या, १८ वजा ८, १०. वर्षं २०२५ राहिली, वजा १९४५, ८०. उत्तर ८० वर्षं १० महिने ६ दिवस. महिन्याकडून उसने घ्यायची वेळ आली तर आम्ही ३० घ्यायचो, तिथे मात्र एखाद-दोन दिवसांचा फरक पडू शकतो कारण महिना ३१ चा पण असतो आणि फेब्रुवारीचं तर विचारूच नका.

१ जूनचं तुम्ही लिहिलंत त्यावर आमच्या हापिसात एक जोक होता की अख्ख्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला सहा वर्षं पुरी दाखवायची, मास्तर १ जून लिहून मोकळे. पुढे त्याचा परिणाम असा की ज्याची जन्मतारीख १ ती माणसं आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतात, बाकीचे आपापल्या महिन्याच्या अखेरीस. म्हणजे २ जूनवाला ३० जूनला जाणार आणि १ जूनवाला ३१ मेला. एका तारखेने एक महिना नोकरी जाते. ३१ मेला आमच्याकडे निरोपसमारंभांची रांग लागायची, एकाच दिवशी सात-सात नारळ नि शाली, हार संपायचे बाजारातले. एक शिपाई होता आमच्याकडे, त्याची आई सांगायची हा दिवाळीत झाला, भाऊबीजेला. कागदावर १ जून. बिचारा पाच महिने आधी घरी बसला.

आधारप्रमाणे मोजाल तर तुमच्या आजींचं सहस्रचंद्रदर्शन ७ एप्रिल २०२५ लाच होऊन गेलं 😀 हॉलवाल्याला सांगू नका.

तिखटजाळ

मला एक सांगा, दर्शन म्हणतात ना? मग दिसायला नको का? श्रीवर्धनला जून ते सप्टेंबर चंद्र दिसतो? वर्षातले चार महिने ढगात. म्हणजे तीनातला एक चंद्र बाद. हजार *बघायचे* तर १५०० पौर्णिमा लागतील, १५०० गुणिले २९.५३ भागिले ३६५.२५ करा, १२१ वर्षं. आजींना म्हणावं अजून चाळीस वर्षं आहेत, हॉलची घाई नाही.

आणि जन्माच्या दिवशीची पौर्णिमा धरायची का नाही ते कोणी बोलतच नाहीये. श्रावणात, पावसात, बाळंतिणीच्या खोलीत, कुठला चंद्र.

एक्सेलवाली_ताई

@तिखटजाळ तुम्ही चेष्टेत लिहिलंत पण दुसरा मुद्दा खरा आहे, माझ्या लक्षातच आला नाही. कुंपणाला दहा खांब असले तर मधली अंतरं नऊच असतात. जन्मदिवसाचीच पौर्णिमा पहिली धरली तर हजारावी पौर्णिमा १००० महिन्यांनी नाही, ९९९ महिन्यांनी येते. म्हणजे २९ जून नाही, एक पौर्णिमा अलीकडे, ३१ मे २०२६.

गणितमास्तर_निवृत्त

ताई, आणि ती ३१ मेची पौर्णिमा नेमकी अधिक ज्येष्ठातली. यंदा अधिक मास १७ मे ते १५ जून. मे महिन्यातच दोन पौर्णिमा आहेत, १ तारखेला बुद्ध पौर्णिमा आणि ३१ ला ही अधिकातली. अधिकात गुरुजी शांत करायला तयार व्हायचे नाहीत. तेव्हा जन्माची पौर्णिमा धरा, न धरा, कार्यक्रम १५ जूननंतरच जातो. वाद घालायची गरजच नाही.

माझं मत विचाराल तर जन्माची धरू नये. बाळाने पाहिलाय कुठे चंद्र.

मिरजेचा_सतारवाला

सलाम सगळ्यांना. इंटरेस्टिंग धागा आहे. मला वेगळंच आठवलं. आमच्याकडे रमजानात शबे-कद्र असते, ती एक रात्र हजार महिन्यांपेक्षा श्रेष्ठ असं कुराणात आहे. दरवर्षी मौलाना बयानात सांगतात, हजार महिने म्हणजे ८३ वर्षं ४ महिने, माणसाची अख्खी जिंदगी. लहानपणापासून ऐकत आलोय, हा आकडा डोक्यात फिट. आता तुमचे हजार चंद्र ८० वर्षं १० महिने आले म्हटल्यावर मी चमकलो, म्हटलं हजारच महिने, चंद्र पण तोच, मग अडीच वर्षं कमी कशी.

मग कागदावर मांडलं तर लक्षात आलं. १००० भागिले १२ केलं की ८३ वर्षं ४ महिने, पण ती हिजरी वर्षं, ३५४-३५५ दिवसांची. आमच्यात अधिक महिना नसतोच, म्हणून तर रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो, कधी उन्हाळ्यात कधी थंडीत. दिवस मोजले तर तेच २९,५३०. म्हणजे तुमची आजी २९ जूनला हिजरी हिशेबाने ८३ वर्षं ४ महिन्यांची असेल, इंग्रजी हिशेबाने ८० वर्षं १० महिन्यांची. दिवस तेवढेच, वय वेगळं.

आमच्या गल्लीत वय विचारलं की म्हातारी माणसं अजून विचारतात, इस्लामी सांगू का इंग्रजी.

गणितमास्तर_निवृत्त

@मिरजेचा_सतारवाला क्या बात है! हे मला सुचलं नव्हतं. आणि बघा, ८३ वर्षं ४ महिन्यांतून ८० वर्षं १० महिने वजा केले तर राहतात ३० महिने, तेच आपले अधिक महिने. तुमच्याकडे ते वर्षात जमा होत गेले, आमच्याकडे मध्ये घुसवून सूर्याशी जुळवून घेतले.

दहाहजारी

जरा अवांतर. मी परवा १०,००० दिवसांचा झालो 🎂 म्हणजे २७ वर्षं साडेचार महिने, मित्रांना पार्टी दिली, घरचे म्हणतात याला वेड लागलंय. आता पुढचा टप्पा १०० कोटी सेकंद. एका दिवसाचे ८६,४०० सेकंद, भागून ११,५७४ दिवस येतात, ३१ वर्षं ८ महिन्यांच्या आसपास. आजींचे २९ जूनला २५५ कोटी सेकंद होतायत, त्यांना सांगा, नातवंडांत भाव वधारेल.

तिखटजाळ

@दहाहजारी २७ वर्षं साडेचार महिने म्हणजे २७.३८ ना? का २७.४५? 😏

दहाहजारी

२७.३८. वरचं सगळं वाचून मगच लिहिलंय काकू.

तिखटजाळ

काकू?? मी काका आहे.

बदलापूर_सेमीफास्ट

अपडेट देतो. काल संध्याकाळी आजी, आई, आत्या, सगळ्यांना बसवून ताईंचा नि सरांचा हिशेब समजावला. आत्याला ८.४ षटकांचं उदाहरण दिलं तर ती म्हणाली क्रिकेट मला शिकवू नकोस, पण पटलं तिला. गुरुजींनाही फोन केला, ते अजिबात रागावले नाहीत, म्हणाले पुढे जाऊन केलेलं चालतं, अलीकडे नको, हजार पुरे झाले पाहिजेत. ८० वर्षं ८ महिने त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं, वडिलांना आजोबांनी.

तर २९ जून नक्की झालं होतं, मी हॉलवाल्याचा नंबर फिरवतही होतो, तेवढ्यात आई म्हणाली, अरे २९ जूनला वटपौर्णिमा आहे. झालं. ज्येष्ठ पौर्णिमाच ना ती, आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही, इतका वेळ दशांश नि अधिक करत बसलो. दीडशे पानं उठवायची, त्यातल्या निम्म्या बायका उपाशी, त्यात सोमवार. केटररला पुरणपोळी सांगितलीये. मी म्हटलं साबुदाणा खिचडीचा वेगळा काउंटर लावू तर आत्याने असं काही बघितलं माझ्याकडे.

आदल्या दिवशी रविवार आहे, २८ ला, काका म्हणाला तेव्हाच उरकू, एका दिवसाने काय होतंय. तर आजीच म्हणाली, "नऊशे नव्व्याण्णववर काय म्हणून?" तिथे सगळे गप्प.

शेवटी ५ जुलै ठरला, रविवार. हॉल मिळाला, सकाळच्या स्लॉटला. आषाढी २५ जुलैला आहे, चातुर्मास लागायच्या आत होतंय, गुरुजी पण मोकळे आहेत. मेनूत नारळीभात घातलाय, श्रावण नसला तरी. आजीने सांगितलं पहिली वाटी फोटोसमोर ठेवायची, तिच्या आईच्या, उधारी आहे म्हणे.

आणि तिखटजाळ काका, तुमचा पावसाचा मुद्दा तिला सांगितला. ती म्हणाली ढगाआड असला तरी असतोच ना तो, समुद्राला कळतं, भरती येते. आम्हाला पुनवेची भरती बघूनच कळायची.

तिखटजाळ

हरलो. शब्द मागे.

गोडबोली

उशिरा आले धाग्यावर पण फार कामाचा आहे हो! प्लीज माझ्या सासऱ्यांचं पण काढून द्या ना कोणीतरी. त्यांचा जन्म २९ फेब्रुवारी १९४८. तारीख खरी आहे, दवाखान्यातली, १ जूनवाली नाही. त्यांचे आतापर्यंत १९ च वाढदिवस झालेत असं ते सगळ्यांना सांगत फिरतात. पौर्णिमेला वगैरे जन्म नाहीये त्यांचा, मग कसं मोजायचं?

गणितमास्तर_निवृत्त

पौर्णिमेचा जन्म नसेल तर सोपं आहे, जन्मानंतरची पहिली पौर्णिमा शोधायची आणि तिला एक नंबर द्यायचा, खांबांचा घोळच नाही. १९ ची युक्ती लावू. १९४८ अधिक ७६, २०२४. त्या वर्षी होळी पौर्णिमा २४-२५ मार्चला होती. म्हणजे १९४८ लाही त्याच सुमारास. त्यांची पहिली पौर्णिमा होळीची. तिथून ९९९ चांद्रमास, म्हणजे २९,५०१ दिवस. २५ मार्च १९४८ मध्ये मिळवले की ८० वर्षांचे २९,२२० जाऊन राहिले २८१ दिवस. २५ मार्च २०२८ पासून २८१ दिवस मोजा.

एक्सेलवाली_ताई

मी टाकलं एक्सेलमध्ये. ३१ डिसेंबर २०२८. बाहेर थर्टीफर्स्ट नि घरी सहस्रचंद्रदर्शन, दोन्ही एकदम 😄

गणितमास्तर_निवृत्त

तारीख बरोबर आहे, पण ताई, एक अडचण दिसते. ३१ डिसेंबर २०२८ ला रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे, आपल्याकडून दिसणारं. साडेदहाच्या आसपास चंद्र पूर्ण झाकलेला असेल.

गोडबोली

म्हणजे हजारावा चंद्र नेमका ग्रहणातला?? अहो सासूबाई ग्रहण फार पाळतात, त्या दिवशी पाणीसुद्धा पिऊ द्यायच्या नाहीत कोणाला. सासऱ्यांना सांगितलं तर ते खूश होतील, त्यांना असल्या गोष्टी मिरवायला आवडतात. आधी कोणाला सांगू?

सेवापुस्तक

सासूबाईंना. लेखी सांगा, पोच घ्या.